डोंगरासाठी आलेलं मिशन

परतवाड्यात ख्रिस्ती लोक कुठं राहतात असं विचारलं तर ऑटोवाला तुम्हाला मिशन कंपाउंडाकडे आणून सोडेल. डोंगराकडे नेणार नाही. मिशन मात्र आलं होतं डोंगरासाठीच. १८९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनं आपलं नावच 'कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन' असं ठेवलं. नावात कोरकू, म्हणजे मेळघाटच्या डोंगरातले आदिवासी होते, टेकड्या होत्या. एलिचपूर (आजचं अचलपूर), अमरावती, कापसाची काळी माती यांतलं काही नव्हतं. आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी पाहावं तर मेळघाटातले बहुतेक कोरकू महादेवालाच मानतात, होळीत फगवा मागतात, मेघनाथाच्या खांबापाशी जमतात. आणि खाली सपाटीवर मराठी बोलणारी, मराठीत गाणारी, नाताळाला करंज्या आणि अनारसे करणारी आमची मंडळी, म्हणजे आमचा ख्रिस्ती समाज, नांदते आहे.

मी त्या मंडळीतला. त्यामुळे टीव्हीवर धर्मांतराची चर्चा सुरू झाली की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीच कोणाचा बाप्तिस्मा करून आलोय. चर्चा ठरलेली असते. एकजण म्हणतो, भोळ्या आदिवासींना गहू, दुधाची भुकटी देऊन बाटवलं. दुसरा म्हणतो, जिथं सरकार पोचलं नाही तिथं मिशनऱ्यांनी दवाखाने काढले. दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की डोंगरावर मिशन यशस्वी झालं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर ते झालं नाही. मला आयुष्यभर कुतूहल आहे ते याचंच.

याच डोंगरातला गाविलगडाचा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला. चिखलदऱ्याला साहेब लोकांनी बंगले बांधले, कॉफी लावली. तोफेला आणि कॉफीला हा डोंगर लवकर वश झाला म्हणायचा.

माझे आबा मिशनचे प्रचारक होते. पगार थोडका, सायकल मिशनची, पण मान मोठा. दिवाळी झाली आणि घाटातल्या वाटा वाळल्या की दौरा निघायचा. दोन बैलगाड्या, तंबू, पेट्रोमॅक्स, बाजाची पेटी, येशूच्या गोष्टींचे रंगीत तक्ते आणि एक औषधाची पेटी. परतवाड्याहून घटांग, तिथून सेमाडोह, हरिसाल, पुढं धारणी. पावसाळ्यात कोणी जात नसे. सिपना नदी वाट अडवायची आणि हिवताप माणूस आडवा करायचा. होळीच्या आत परत यायचं हाही नियम, कारण होळी लागली की डोंगरात कोणी कोणाचं ऐकत नाही. सगळं गाव नाचात असतं.

आबा सांगायचे, तंबू लागला की आधी औषधाच्या पेटीपुढं रांग लागायची. कुनैन, खरजेचं मलम, आयोडीन, डोळ्यांचे थेंब. ते वाटून झालं की तक्ते उघडायचे. लोक उठून जात नसत. बसून राहत, बिड्या ओढत, शेवटपर्यंत ऐकत. आबांचं वाक्य माझ्या पक्कं लक्षात आहे: "कोरकू मानूस तुले कधी नाही म्हनत नाही. आयकून घेते, जेवू घालते, अन् सकायी आपल्या वावरात निंगून जाते."

त्यांचा एक किस्सा मला फार आवडतो. पहिल्याच तक्त्यावर आदामाचं चित्र होतं. आबांनी सांगितलं, देवानं मातीचा माणूस केला आणि त्यात प्राण फुंकला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि म्हणाला, बरोबर आहे, पण तुम्ही कावळा विसरलात. मग त्यानं पुढची गोष्ट सांगितली. रावणानं पाहिलं की सातपुड्यात माणूसच नाही, म्हणून त्यानं महादेवाला विनवलं. महादेवानं कागेश्वर कावळ्याला वारुळाची लाल माती शोधायला धाडलं. त्या मातीच्या दोन मूर्ती केल्या, पण इंद्राचे घोडे यायचे आणि त्या तुडवून टाकायचे. शेवटी महादेवानं कुत्रा केला. कुत्र्यानं घोडे हाकलले, मूर्ती वाचल्या, आणि त्यातून मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं जन्मलं. ही कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींची माहिती जमवताना नोंदवून ठेवली आहे, म्हणजे आबांच्या पदरची नाही. म्हाताऱ्याचा सूर वादाचा नव्हता. पाहुण्याच्या गोष्टीत राहून गेलेला तपशील त्यानं भरून दिला, एवढंच. आबा म्हणायचे, त्यानंतर दुसरा तक्ता उघडायला हात धजेना.

मिशनला असं वाटत होतं की डोंगरावर एक रिकामी जागा आहे आणि ती भरायची आहे. जागा रिकामी नव्हती. उलट इतकी भरलेली होती की एक नवा देव सहज मावला असता; अट एकच, त्यानं डोंगरदेव आणि मुतवादेव यांच्या शेजारी गुमान बसायचं. ते मिशनला चालण्यासारखं नव्हतं.

पण खरी अडचण देवांची नव्हतीच, मेलेल्यांची होती. हे मला कळलं ते मुंडा पाहिल्यावर. कोरकूंमध्ये माणूस मेला की त्याची गोष्ट तिथं संपत नाही. सिडोली हा विधी होईपर्यंत त्याचा जीव पूर्वजांत जात नाही, घराच्या आसपास घुटमळत राहतो. सिडोली लगेच करता येत नाही. बोकड लागतो, मोहाची दारू लागते, सगळं कूळ जेवायला घालावं लागतं. म्हणून पैसे जमेपर्यंत कधी काही महिने जातात, कधी वर्षं, आणि मग एकाच कुळातल्या चार-पाच जणांची एकदम होते. त्या वेळी सागाची फळी कोरून मृताच्या नावानं रोवतात, तो मुंडा. मी पाहिला तो धारणीकडच्या एका गावाबाहेर, झाडाखाली, बऱ्याच जुन्या मुंड्यांच्या रांगेत नवा रोवलेला. माणसाच्या छातीएवढा. वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, मध्ये घोड्यावर बसलेला माणूस. घोड्याचे पाय इतके आखूड की तो डुकरासारखा दिसत होता, पण लगाम मात्र बारीक छिन्नीनं एकेक दोरा दिसेल असा काढलेला. फळीला हळद लागलेली होती आणि खालच्या बाजूला मुंग्या लागल्या होत्या. शेजारच्या जुन्या मुंड्यांवरचे सूर्यचंद्र पावसानं पुसट झालेले. ज्याच्या नावानं तो होता तो माणूस जन्मात कधी घोड्यावर बसला नसणार.

आता विचार करा. अशा गावातल्या एकट्या माणसाला आबांनी सांगायचं, बाप्तिस्मा घे. बाप्तिस्मा घेतला की दारू सोडायची, बोकड सोडायचा, भुमका, म्हणजे गावचा पुजारी, करतो ती पूजा सोडायची. म्हणजे बापाची सिडोली कोण करणार? मोठा भाऊ वर्गणी मागायला येईल तेव्हा काय सांगणार? आणि उद्या आपण मेलो तर आपला मुंडा कुठं? स्वर्गाचं आश्वासन मोठं असेल, पण तिथं आजा, पणजा, चुलते कोणी नाहीत. कोरकू माणूस अडाणी म्हणून थांबला नाही. त्यानं नीट हिशेब केला आणि नको म्हणाला. तोंडानं नव्हे, आबा म्हणायचे तसं, सकाळी उठून वावरात जाऊन.

मग खाली मंडळी कशी उभी राहिली? माझ्या मते, ज्यांना त्यांच्या गावानं आधीच सोडलं होतं त्यांची ती झाली.

माझ्याच घरचं सांगतो. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा, ज्याला म्हातारी माणसं छपन्न्या म्हणायची. वऱ्हाडात, मध्य प्रांतात माणसं रस्त्याच्या कडेला मेली. ठिकठिकाणी मिशननं अनाथालयं काढली. माझे पणजोबा अशाच एका अनाथालयात कोणीतरी आणून सोडलेलं पोर. वय अंदाजे पाच, जात माहीत नाही, गाव माहीत नाही, बोलत होते ती वऱ्हाडी. आडनाव मिशननं दिलं, तेच आम्ही लावतो. त्यांना कोणी बाटवलं का? बाटायला आधी काहीतरी असावं लागतं. त्यांच्याकडे पोटात भूक आणि अंगावर फडकं याशिवाय काही नव्हतं. 'त्यांनी विश्वास धरला' हे आमच्या मंडळीत म्हणतात तेही मला पूर्ण पटत नाही. पाच वर्षांचं पोर विश्वास काय धरणार. त्यानं भाकरी धरली. विश्वास नंतर आला, आणि आला तो खरा आला. मरेपर्यंत पहाटे गुडघे टेकायचे, असं आजी सांगायची.

यात अल्बर्ट नॉर्टन यांची कहाणी मला सगळ्यात बोलकी वाटते. अमेरिकेतून आलेले हे मिशनरी १८७० च्या दशकात कोरकूंसाठी म्हणून एलिचपुराकडे आले. मात्र पुढं नाव झालं ते दौंडच्या मुलांच्या अनाथाश्रमामुळे, तेही दुष्काळातल्याच मुलांसाठी काढलेल्या. निघाले होते डोंगर चढायला, आयुष्य गेलं सपाटीवरची पोरकी मुलं सांभाळण्यात. त्यांच्यासारखंच सगळ्या मिशनचं झालं.

दुसरी माणसं महारोगाची. अचलपूरजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही असं नाही. लहानपणी आबांबरोबर तिथं जायचो तेव्हा मला चपलांची खोली आवडायची. रोग्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची. बोटं झडलेली असली की ती रेघ वेगळीच यायची, गोल, पानासारखी. त्या मापानं मऊ रबराचा तळवा कापायचा. खिळा एकही ठोकायचा नाही, कारण पायाला संवेदना नाही. खिळा आत शिरला तरी माणसाला कळायचं नाही, जखम चिघळायची. चपला करणारा कारागीर स्वतः बरा झालेला रोगी होता. तो पट्टा शिवून झाला की आपलं मनगट आतून फिरवायचा, कुठं टोचतं का पाहायला. बोटांवर भरवसा नव्हता, मनगटावर होता.

या माणसांतले काही ख्रिस्ती झाले, काही नाही झाले. जे झाले त्यांची घरदारं आधीच तुटली होती. गावानं वेशीबाहेर काढलेल्या माणसाला पंचायतीतून बाहेर पडण्याची भीती कशाला वाटेल? आणि हे मिशनचंच वैशिष्ट्य नव्हे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन त्यानंतर काही वर्षांनी. तिथं बाप्तिस्मा नव्हता, पण ज्याचं कोणी उरलं नाही तो तिथंही आयुष्यभरासाठी त्या जागेचा झाला. ज्यानं दार उघडलं त्याच्या घरचा माणूस झाला. विदर्भात कुष्ठरोग इतका होता की दारं कितीही उघडली तरी कमीच पडायची.

म्हणून 'आमिष' हा शब्द ऐकला की मला राग येण्याऐवजी कंटाळा येतो. आमिष दाखवायला समोरचा माणूस पोटभर जेवलेल्यांच्या जगातला असावा लागतो. आणि 'निव्वळ सेवा' असं आमचे लोक म्हणतात तेव्हाही मी गप्प राहतो. सेवा निव्वळ नव्हती. दवाखान्यात औषधाआधी प्रार्थना असायची आणि प्रार्थनेला बसावंच लागायचं. अनाथालयातल्या मुलाला पुढं कोण व्हायचं याची निवड नव्हती. हे आमच्या मंडळीत बोललेलं फारसं रुचत नाही.

सरकारनंही एकदा याचा तपास केला होता. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं, म्हणजे तेव्हाच्या नागपूरच्या सरकारनं, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपण तेव्हा त्याच राज्यात होतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. समिती हजारो लोकांना भेटली. १९५६ मध्ये अहवाल आला, आणि ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे त्यांना परत पाठवावं, अशी शिफारस त्यात होती. त्या दिवसांत आमच्या घरी कुजबुज असायची, असं बाबा सांगतात. आबांनी दौऱ्याच्या वह्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशानं पुढं १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला तेव्हा आपण महाराष्ट्र होतो. धारणीच्या पलीकडे बैतुल, खंडवा. कोरकू दोन्हीकडे, सोयरिकी दोन्हीकडे, मधून राज्याची हद्द. मुलगी पलीकडे दिली की तिला वेगळा कायदा लागू.

मिशनचं डोंगरावर काही उरलं असेल तर ते जिथं त्यानं बोलणं थांबवून ऐकलं तिथं, असं मला वाटतं. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप घ्या. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री, ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्यात बुडून गेले. घोडा एकटा परत आला तेव्हा लोकांना कळलं. त्यांच्या कागदांत एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, ऐकून उतरवून घेतलेलं लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचं गोंडी गाणं सापडलं आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ते कागद छापले. हिस्लॉपांची प्रवचनं आज कोण वाचतं? लिंगोचं गाणं मात्र गोंडांच्या अभ्यासात टाळता येत नाही. तसेच आमच्या कोरकू मिशनचे जॉन ड्रेक. त्यांनी १९०३ मध्ये कोरकूचं व्याकरण छापलं. भोवताली मराठी, हिंदी, गोंडी, आणि मध्येच ही मुंडा नावाच्या भाषाकुळातली भाषा, जिची भावंडं, संथाली आणि मुंडारी, दूर झारखंडात बोलली जातात. एवढी वेगळी भाषा शिकायची तर माणसाला वर्षानुवर्षं रात्री शेकोटीपाशी बसून चुका कराव्या लागल्या असतील आणि पोरांचं हसणं सोसावं लागलं असेल. आबांना कोरकू कामापुरती यायची. ते मराठीत सांगत आणि गावातला कोणीतरी आपल्या मनानं उलथा करी. त्यात कावळा आणि कुत्रा किती वेळा घुसले असतील ते महादेवच जाणे.

आता चित्र बदललंय. जुनी मिशनं मागे पडली. परदेशी साहेब तर माझ्या लहानपणीच गेले. आता डोंगरात दिसतात त्या छोट्या प्रार्थना सभा, कोणत्याही मोठ्या संस्थेला न बांधलेल्या, आणि त्या चालवणारे बऱ्याचदा स्वतः कोरकूच. कुडाच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, ढोलक आणि कोरकू गाणी. पुष्कळ जण आजारपणासाठी येतात. एका बाईनं मला सांगितलं, लेकराला ताप होता तर आशाताईकडून गोळी आणली, पडियाराकडून, म्हणजे भगताकडून, अंगारा घेतला आणि सभेत प्रार्थनाही करून घेतली. मी विचारलं, बरं कशानं झालं? ती म्हणाली, "बरा हुआ ना." प्रश्नच तिला निरर्थक वाटला. ज्या मेळघाटात १९९० च्या दशकापासून कुपोषणानं मेलेल्या बाळांच्या बातम्या येत राहिल्या, तिथं आईनं तीन दारं ठोठावली तर तिला कोणता विद्वान अडवणार?

इकडे शहरात मागणी आहे की धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात नाही, म्हणून ही मागणी. मला त्यात एक गंमत दिसते. कोण ख्रिस्ती आणि कोण कोरकू हे कागदावर ठरवायला निघालेल्यांना ही बाई कुठल्या रकान्यात बसवायची?

त्या सभेचा पाळक तिशीतला तरुण. त्याच्याशी बराच वेळ बोललो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कुळाची सिडोली झाली, त्यात त्याचा बाप होता. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, बोकडाचा वाटा दिला, फळी आणायला जंगलात गेलो, दोन दिवस पंगतीत वाढलं. भुमकाच्या पूजेला बसलो नाही, दारू घेतली नाही. काकी चिडली, पण वाटा दिला म्हणून कोणी वाळीत टाकलं नाही. "बाप तो मेरा ही था ना, साहेब."

मग त्यानं मला विचारलं, तुमच्या पणजोबांचं कोणी केलं? मी सांगितलं, त्यांचं गावच माहीत नव्हतं, कबर परतवाड्याला आहे. "फिर आपका आसान था," तो म्हणाला.

मी विचारलं, हे सिडोलीचं तुमच्या वरच्या पाळकसाहेबांना माहीत आहे का? तो हसला. "उन्होंने पूछा नहीं. आप भी मत बताना."